शाळा आणि रोजगार यांच्यामधील वर्षे



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता कायदेपंडितांचा वाटेल. शिक्षणविषयक कायद्यांमुळे दिव्यांग विद्यार्थ्याची व्यवसायासाठी होणारी पूर्वतयारी कशी घडते, आणि कधीकधी कशी खुंटते, असा तो विषय आहे. मी कायद्याची पंडित नाही; माझा व्यवसाय भाषांतराचा. परंतु वाक्यातील कोणता शब्द कोणत्या शब्दाशी बांधलेला आहे हे पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, अशी सवय भाषांतरकाराला जडलेली असते. कायदा वाचताना ही सवय उपयोगी पडते. कारण कायद्यातील एखादा शब्द कोठे ठेवला आहे, यावर पुष्कळदा एखाद्या मुलाने दहावीनंतर काय शिकावे हे अवलंबून राहते.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ पासून सुरुवात करू. आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत राज्याने तीन गोष्टींसाठी परिणामकारक तरतूद करावी, असे हा अनुच्छेद सांगतो. पहिली गोष्ट कामाचा हक्क, दुसरी शिक्षणाचा हक्क, आणि तिसरी, बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी मिळावयाचे सार्वजनिक साहाय्य. विकलांगता हा शब्द या वाक्यात एकदाच येतो, आणि तो काम किंवा शिक्षण यांच्याशी जोडलेला नसून साहाय्याशी जोडलेला आहे. संविधानकारांनी विकलांगांना काम व शिक्षण नाकारले, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पहिले दोन हक्क सर्वांसाठीच आहेत. तथापि विकलांग म्हटले की प्रथम मदत आठवावी आणि शिक्षण व रोजगार मागाहून आठवावेत, ही त्या काळाची विचारपद्धती या शब्दरचनेत उमटलेली आहे. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांतील आपल्या कायद्यांचा इतिहास म्हणजे हा एक शब्द वाक्याच्या तिसऱ्या भागातून पहिल्या दोन भागांत आणण्याचा प्रयत्न होय, असे मला वाटते.

कायदे होण्यापूर्वीही या देशात विकलांगांचे शिक्षण होते. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकात निघाली, आणि अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे सुरू झाली. या व यांच्यामागून आलेल्या संस्थांनी व्यवसायाकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट, बहुतेक संस्थांत हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभाच होता. अंध मुलांनी खुर्च्या वेताने विणाव्यात, टोपल्या व मेणबत्त्या कराव्यात, गळा असेल तर गायन-वादन शिकावे. कर्णबधिर मुलांनी शिवणकाम, सुतारकाम किंवा छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकावे, अशी ही विभागणी होती. पुढे अंध तरुणांसाठी दूरध्वनी-चालकाची नोकरी हे एक मानाचे स्थान ठरले. ज्यांच्यापुढे भिक्षेवाचून दुसरा मार्ग नव्हता त्यांच्या हातांना या संस्थांनी काम दिले, हे ऋण मोठे आहे.

पण या पद्धतीत एक गृहीतक दडलेले होते. येथे व्यवसाय मुलाच्या आवडीवरून वा बुद्धीवरून ठरत नसे. तो त्याच्या व्यंगावरून ठरे. आणि एका व्यंगाला एक धंदा बांधून दिला, की त्या धंद्याचे जे होईल तेच त्या माणसांचे होते. स्वयंचलित यंत्रणा आली आणि दूरध्वनी-चालकाचे काम आटले; अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली आणि खिळे जुळविणाऱ्यांची कला निरुपयोगी झाली. डोळस आणि ऐकू येणारे कामगारही या बदलांत भरडले गेले; परंतु त्यांच्यापाशी सामान्य शिक्षणाची शिदोरी असल्यास त्यांना दुसरीकडे वळता आले. ज्याला एकच धंदा शिकविला होता, त्याला वळण्यासाठी रस्ताच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर शासनाने या प्रश्नाला दोन टोकांकडून हात घातला. रोजगाराच्या टोकाकडे पाहिले तर १९५९ मध्ये मुंबईत विकलांगांसाठी विशेष सेवायोजन कार्यालय उघडण्यात आले, आणि १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या खालच्या दोन श्रेणींतील नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. शिक्षणाच्या टोकाकडे पाहिले तर कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात विकलांग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांत शिकवावे असे सुचविले, आणि १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना सुरू झाली. ही योजना प्रथम समाजकल्याण मंत्रालयाकडे होती. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. म्हणजे आठ वर्षे विकलांग मुलाचे शाळेत जाणे हा शिक्षणाचा विषय नसून कल्याणाचा विषय होता. खात्यांच्या या वाटपातही अनुच्छेद ४१ मधील शब्दांची तीच मांडणी दिसते.

दोन्ही टोकांना काहीतरी घडत होते; मधली वर्षे मात्र मोकळी राहिली. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंतचा काळ म्हणजे व्यवसायाच्या पूर्वतयारीचा खरा काळ. विषय निवडले जातात ते याच वर्षांत. प्रयोगशाळेशी आणि कर्मशाळेशी पहिली ओळख होते, आपण कोण होऊ शकू याची कल्पना मनात आकार घेते, तीही याच वर्षांत. सेवायोजन कार्यालयाची माणसाशी गाठ पडते ती ही वर्षे सरल्यानंतर. शाळेचे लक्ष बहुधा मूल शाळेत टिकून राहावे एवढ्यावरच असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विकलांगांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाची पुरेशी व्यवस्था केली जाईल असे म्हटले खरे. परंतु ती व्यवस्था कोणी, कोणत्या इयत्तेपासून आणि कोणाला उत्तरदायी राहून करावयाची, हे त्यातून कळत नाही.

यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा अधिनियम आला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि पूर्ण सहभाग हे शब्द त्याच्या नावातच होते. प्रत्येक विकलांग मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण, शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा, शासकीय पदांतही किमान तीन टक्के जागा, अशा भक्कम तरतुदी त्यात होत्या. या कायद्याने हजारो तरुणांचे आयुष्य बदलले, यात शंका नाही. परंतु आपला विषय पूर्वतयारीचा आहे, म्हणून यातील दोन वाक्ये मी आपल्यापुढे ठेवते.

पहिले वाक्य कलम २६ मध्ये होते. विशेष शाळांना व्यवसाय-प्रशिक्षणाच्या सोयींनी सुसज्ज करण्याचा शासनांनी प्रयत्न करावा, असे ते सांगे. येथे दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. ‘विशेष शाळा’ हा एक: सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या विकलांग मुलाच्या व्यवसाय-प्रशिक्षणाबद्दल हे वाक्य मौन पाळते. आणि ‘प्रयत्न’ हा दुसरा: प्रयत्न केला की नाही, हे न्यायालयात सिद्ध करणे फार अवघड असते.

दुसरे वाक्य कलम ३० मध्ये होते आणि ते अधिक दूरगामी ठरले. शासनांनी तयार करावयाच्या सर्वंकष शिक्षण-योजनेत कोणत्या गोष्टी असाव्यात, याची यादी या कलमात होती. प्रवासाची सोय, इमारतींतील अडथळे दूर करणे, पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती अशा हिताच्या बाबींबरोबरच त्यात असेही म्हटले होते, की अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या लाभासाठी निव्वळ गणिती स्वरूपाचे प्रश्न परीक्षेतून वगळण्यात यावेत. कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकच भाषा घेता यावी अशी अभ्यासक्रमाची पुनर्रचना करावी, हेही त्याच यादीत होते.

ही सवलत क्रौर्यातून आलेली नव्हती; ती करुणेतून आली होती. ब्रेल लिपीतील गणिताची पुस्तके दुर्मीळ, स्पर्शाने वाचता येतील अशा आकृत्या त्याहून दुर्मीळ, टेलर फ्रेमवर आकडेमोड शिकविणारा शिक्षक फक्त विशेष शाळेत भेटणारा. अशा स्थितीत मुलाला न शिकविलेल्या विषयात अनुत्तीर्ण करणे हा अन्यायच झाला असता. परंतु या सवलतीची किंमत कोठे चुकवावी लागते, ते पाहा. आठवी-नववीत गणित सुटले की अकरावीला विज्ञानशाखेचा दरवाजा बंद होतो आणि वाणिज्यशाखेचा अर्धा मिटतो. मग पदवीसाठी साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र आणि संगीत एवढेच विषय उरतात. पुढे बँकेची किंवा लोकसेवेची स्पर्धा-परीक्षा येते, तिच्यात अंकगणिताचे प्रश्न असतात, आणि राखीव जागेसाठी पात्र उमेदवार मिळत नाही. अशा रीतीने एका कायद्याचे एक कलम जी जागा राखून ठेवते, त्याच कायद्याचे दुसरे कलम त्या जागेपर्यंतचा रस्ता अरुंद करून ठेवते. आणि मग समाज म्हणतो, अंध मुलांचा कल कलाशाखेकडेच असतो!

येथे एका अमेरिकन गणितज्ञाचे उदाहरण देण्याजोगे आहे. अब्राहम नेमेथ हे जन्मांध होते. गणिताची ओढ असूनही अंधाला हा विषय झेपणार नाही असा सल्ला त्यांना मिळाला, आणि त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली. पुढे ते गणिताकडे परतले, विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि गणिती चिन्हे ब्रेलमध्ये लिहिण्याची त्यांची पद्धत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. उणीव त्यांच्या बुद्धीत नव्हती. ती लिपीत होती, आणि लिपी घडविता येते. ज्या सवलतीमुळे लिपी घडविण्याची गरजच कोणाला भासेनाशी होते, ती सवलत दीर्घकाळ टिकू देणे शहाणपणाचे नाही.

अन्य देशांनी मधल्या वर्षांसाठी काय केले, हेही पाहिले पाहिजे. याबाबत अमेरिकेचा कायदा सर्वांत बारकाईने लिहिलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर स्वाक्षरी केली. दहा लाखांहून अधिक विकलांग मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे त्या वेळी त्या देशाच्या काँग्रेसने नमूद केले होते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-योजना तयार करणे या कायद्याने सक्तीचे केले. तथापि पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर असे आढळून आले, की मुले शाळेत आली, शिकली, आणि शाळा संपताच घरी बसली. म्हणून १९९० मध्ये कायद्यात एक नवी कल्पना घालण्यात आली. तिला आपण ‘संक्रमण-सेवा’ म्हणू: शाळेकडून पुढील शिक्षणाकडे, रोजगाराकडे आणि स्वतंत्र जीवनाकडे नेणारी सुसूत्र मदत. विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या लेखी योजनेत ही मदत नोंदविलीच पाहिजे, असे ठरले. १९९७ मध्ये या विचाराची सुरुवात चौदाव्या वर्षापासून करण्यात आली. २००४ मध्ये ती पुन्हा सोळाव्या वर्षावर आणण्यात आली.

या तरतुदीचे बळ तिच्या उदात्ततेत नाही. ते तिच्या तपशिलात आहे. तीत वय लिहिलेले आहे, म्हणजे टाळाटाळीला मर्यादा आहे. जबाबदार कोण, हे लिहिलेले आहे. आणि भवितव्याची चर्चा होत असताना त्या बैठकीला विद्यार्थ्याला स्वतःला बोलाविले पाहिजे, असेही लिहिलेले आहे. आपल्याकडे मुलाच्या व्यवसायाची चर्चा आईवडील, काका, मुख्याध्यापक असे सारे जण करतात. मूल विकलांग असेल तर ते त्याच खोलीत बसलेले असतानाही त्याला कोणी विचारीत नाही. २०१४ च्या आणखी एका अमेरिकन कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या व्यावसायिक पुनर्वसनाच्या निधीपैकी किमान १५ टक्के रक्कम शाळकरी वयातील पूर्वतयारीसाठी वापरण्याचे बंधन घातले. निरनिराळ्या व्यवसायांची ओळख, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, उच्च शिक्षणाविषयी समुपदेशन, कामाच्या ठिकाणी लागणारी शिस्त व कौशल्ये, आणि स्वतःची गरज स्वतः मांडण्याचे शिक्षण, अशी पाच अंगे त्यासाठी नेमून दिली आहेत.

याचा अर्थ अमेरिकेत सारे आलबेल आहे, असा नव्हे. शालेय हक्क शाळेबरोबरच संपतो आणि त्यानंतरच्या सेवा अटी-पात्रतेवर अवलंबून राहतात. विकलांग प्रौढांतील रोजगाराचे प्रमाण तेथेही इतरांहून बरेच कमी आहे. कायदा नोकरी निर्माण करीत नाही. परंतु मधली वर्षे वाया जाऊ नयेत एवढे तो पाहू शकतो.

आता पुन्हा आपल्या देशाकडे येऊ. २००९ चा शिक्षणहक्काचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने विकलांग बालकांचा त्याच्या वंचित गटांत समावेश झाला. तथापि या कायद्याचे छत्र सहा ते चौदा या वयापुरतेच आहे. म्हणजे पूर्वतयारीचा काळ जेथे सुरू होतो, तेथे ते मिटते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला, आणि त्याने पुष्कळ उणिवा भरून काढल्या. विकलांगतेचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. लक्षणीय, म्हणजे किमान चाळीस टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. उच्च शिक्षणात पाच टक्के आणि शासकीय पदांत चार टक्के जागा राखल्या गेल्या. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर व शिक्षण पूर्ण होण्यावर संस्थांनी लक्ष ठेवावे, आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असे बंधन आले. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचा उल्लेख झाला. गणिती प्रश्न वगळण्याचे ते जुने वाक्य मात्र या नव्या अधिनियमात राहिले नाही. कोणताही गाजावाजा न होता एक दार पुन्हा किलकिले झाले. दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची कल्पना शिल्लक आहे. भाषांतरकार या नात्याने तिच्याविषयी मला चिंता वाटते, कारण आपल्या देशात दुसरी भाषा ही पुष्कळदा नोकरीची भाषा असते.

या अधिनियमाची रचनाही पाहण्यासारखी आहे. त्याचे तिसरे प्रकरण शिक्षणाचे, चौथे कौशल्यविकास व रोजगार यांचे, आणि पाचवे सामाजिक सुरक्षा, आरोग्य व पुनर्वसन यांचे. अनुच्छेद ४१ मधील तिन्ही गोष्टी येथे स्वतंत्र प्रकरणे होऊन आल्या आहेत, आणि तिन्ही ठिकाणी दिव्यांग व्यक्ती केंद्रस्थानी आहे. शब्दाचा प्रवास पूर्ण झाला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तिसऱ्या व चौथ्या प्रकरणांना जोडणारे वाक्य अजून लिहिले गेलेले नाही. सर्वसाधारण कौशल्य-प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घ्यावे, असे चौथे प्रकरण सांगते. परंतु अमुक वयाला, अमुक व्यक्तीने, विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या पुढील वाटचालीची लेखी योजना केलीच पाहिजे, असे बंधन या अधिनियमात आढळत नाही.

ही उणीव न्यायालयांना काही अंशी भरून काढावी लागते. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा परीक्षेत लेखनिक मिळण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा वाजवी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही, असा निर्णय त्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की केवळ टक्केवारी पाहून कोणाला वैद्यकीय शिक्षण नाकारू नये. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो की नाही हे तपासावे. आणि मार्च २०२५ मध्ये, दृष्टिहीन व्यक्तींना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असे त्याने निःसंदिग्धपणे ठरविले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु जो विद्यार्थी प्रवेश-परीक्षेपर्यंत पोहोचला त्यालाच न्यायालयात जाता येते. आठवीत ज्याच्या हातून गणिताचे पुस्तक काढून घेतले गेले, त्याची तक्रार कोणत्याही न्यायालयापर्यंत जात नाही. आपल्यावर अन्याय झाला हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

म्हणून या व्याख्यानातून एकच विचार आपण बरोबर न्यावा, अशी माझी इच्छा आहे. दिव्यांग विद्यार्थ्याला दिली जाणारी मदत दोन प्रकारची असते: एक मार्गातील अडथळा काढणारी, आणि दुसरी मार्गच काढून टाकणारी. जादा वेळ, लेखनिक, ब्रेल पुस्तक, मजकूर वाचून दाखविणारा संगणक, सांकेतिक भाषेचा दुभाषी ही पहिल्या प्रकारची मदत होय. विषयातून, प्रयोगातून, सहलीतून, कर्मशाळेतून सूट ही दुसऱ्या प्रकारची. काही मुलांना काही वेळा सूट आवश्यकच असते, हे मी नाकारीत नाही. बौद्धिक विकलांगता असलेल्या मुलाचा अभ्यासक्रम वेगळा असणे स्वाभाविक आहे. परंतु सूट देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: या सुटीमुळे पाच वर्षांनंतर कोणकोणते व्यवसाय या मुलापुढे उरणार नाहीत? उत्तर कागदावर लिहिले जावे, आणि ते त्या मुलाला व त्याच्या पालकांना वाचून दाखविले जावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक मुख्याध्यापक, एक वर्गशिक्षक आणि एक तासाची बैठक एवढे पुरते.

२०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्तींची नोंद झाली, आणि त्यांच्यापैकी साक्षर सुमारे ५५ टक्केच होत्या. यावरून मुळात शाळेत पोहोचणे हाच अजून कितीतरी मुलांपुढील पहिला प्रश्न आहे, हे उघड आहे. परंतु जी मुले शाळेत पोहोचली आहेत, ती तेथून कोठे जाणार हे ठरविण्याचे काम पुढे ढकलता येत नाही. कारण मुले मोठी होण्याचे थांबत नाहीत.